भुताला नाव विचारणारी गोष्ट

(यवतमाळ इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय जपानी ॲनिमेमधली भुतं आणि आपली भुतं असा आहे. यवतमाळात बसून हे काहून, असा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असणार. प्रश्न रास्त आहे. या जिल्ह्याचं नाव बाहेर निघतं ते कापूस, कर्ज आणि आत्महत्या या तीन शब्दांबरोबर. तिथे भुतांच्या गमतीच्या गोष्टी कशाला? उत्तर देण्याआधी माझं म्हणणं सांगून टाकतो, म्हणजे पुढचा सगळा वेळ तुम्ही ते तपासत बसाल.

हसतखेळत सांगितलेली भुताची गोष्ट ही भयकथेची बिनकामाची धाकटी बहीण नाही. भीतीवर ज्यांचं दुकान चालतं, त्यांच्या हातून ती भीती काढून घ्यायचं काम अशी गोष्ट करू शकते. पण एक अट आहे. त्या गोष्टीने भुताची कहाणी ऐकून घेतली पाहिजे. नुसतं भुताला हसून भागत नाही. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ म्हणतात ना, ते खरंच आहे. पण ब्रह्मराक्षस कोण होता आणि तो मागे का लागला, हे त्या म्हणीत कुणी विचारत नाही.

आता मूळ कलाकृतीकडे येऊ. तुमच्यातल्या तरुण मंडळींनी ‘नात्सुमे युउजिन्चो’ ही मालिका फोनवर पाहिली असेल. नावाचा अर्थ ‘नात्सुमेची मित्रांची वही’. युकी मिदोरिकावा या लेखिकेची ही मूळ चित्रकथा. त्यावरची ॲनिमे मालिका २००८ साली सुरू झाली आणि २०२४ मध्ये तिचं सातवं पर्व आलं. सोळा वर्षं लोक जिच्याकडे परत परत येतात, अशी ही गोष्ट तशी साधी आहे. ताकाशी नात्सुमे नावाचा एक मुलगा. आईवडील नाहीत. या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे ढकलला गेलेला. त्याला ‘योकाई’ दिसतात. योकाई हा जपानी शब्द मोठा सोयीचा आहे. भूत, पिशाच्च, डोंगरातली लहानशी देवता, जुन्या भांड्यात शिरलेला जीव, असं सगळं त्या एका शब्दात मावतं. मुलगा जे पाहतो ते इतरांना दिसत नाही, म्हणून शाळेत तो खोटारडा ठरतो आणि घरात विचित्र.

त्याला आजीची एक वही मिळते. आजीला, म्हणजे रेइकोला, पण योकाई दिसायचे आणि तीही एकटीच होती. ती योकाईंशी पैज लावायची, जिंकायची आणि हरलेल्याचं नाव कागदावर लिहून घ्यायची. ज्याच्याकडे नाव, त्याच्या हातात तो योकाई. नातू काय करतो? ती सत्ता वापरत नाही. एकेकाला नाव परत देतो. कागद तोंडात धरायचा, दोन्ही हात जोडून टाळी द्यायची आणि फुंकर सोडायची. नाव ज्याचं त्याच्याकडे जातं आणि जाताना त्या योकाईची आठवण मुलाला दिसते. बहुतेक भागांची घडण हीच. सोबतीला एक जाडजूड मांजर आहे, न्यांको-सेन्सेई. खरा तो मोठा बलाढ्य योकाई. पण त्याचं लक्ष खाण्यावर आणि दारूवर. मालिकेतलं निम्मं हसू या बोक्याचं आहे.

पहिल्याच पर्वातला दुसरा भाग मी तुम्हाला जरा सविस्तर सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. रस्त्याकडेला एक छोटं देऊळ आहे. देऊळ कसलं, घुमटीच. त्यात त्सुयुकामी नावाचा देव राहतो. हा मुळात देव नाही. भटका योकाई, रिकामी घुमटी दिसली म्हणून येऊन राहिला. लोकांनी पावसासाठी हात जोडले, योगायोगाने पाऊस आला, लोक त्याला देव म्हणायला लागले. नैवेद्य वाढला तसा तो वाढला. पुढे लोक यायचे थांबले तसा तो आकसत गेला. आता तळहातावर मावेल एवढा उरलाय. येणारी फक्त एक म्हातारी, हाना. ती आजारी पडते आणि जाते. ती गेली की हा पण विरणार, हे त्याला माहीत आहे. नात्सुमे त्याला म्हणतो, मी तुझी पूजा करतो, मी मानतो तुला. देव नाही म्हणतो. तू माझा भक्त नाहीस, तू मित्र आहेस, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो आणि निघून जातो.

जरा थांबून विचार करा. जगण्यासाठी एक भक्त पुरला असता आणि देवाने तो नाकारला. मैत्री ठेवली, भक्ती परत केली. भुतादेवांच्या किती गोष्टींमध्ये असं घडतं? आपल्या बहुतेक चमत्कारकथा शेवटी भक्त वाढवतात. जो मानत नव्हता तो मानायला लागतो, तिथे गोष्ट संपते. इथे श्रद्धा ठेवायला निघालेल्या मुलाला देवच थांबवतो. दिसायला हलकीफुलकी मालिका, पण अंधश्रद्धेबद्दल इतकं नेमकं बोलणारी गोष्ट मी क्वचित पाहिली आहे.

आणखी एक. मालिकेत मांत्रिक पण आहेत बरं का. मातोबा नावाचं त्यांचं एक बडं घराणं आहे. ते योकाईंना पकडतात, बाटलीत कोंडतात, कामाला जुंपतात. म्हणजे ज्यांचा धंदा भुतांवर आहे, अशी माणसं. लेखिका त्यांना राक्षस करत नाही, त्यांचीही बाजू सांगते. पण मुलगा त्यांच्यात जायला तयार नाही. ज्याला दिसतं त्याने त्याचा धंदा करायचा नाही, ही मालिकेची नीती आहे.

आता दुसरं नाव, जे जास्त ओळखीचं आहे. हायाओ मियाझाकी यांचा ‘माझा शेजारी तोतोरो’, १९८८ चा. दोन बहिणी वडिलांबरोबर खेड्यातल्या जुन्या घरात राहायला येतात, कारण आई जवळच्या इस्पितळात आहे. घरात काजळीची काळी पिल्लं आहेत, झाडाच्या ढोलीत तोतोरो आहे, मांजराची बस आहे. आणि तोतोरो करतो काय? आईला बरं करतो का? नाही. पावसात छत्री धरून मुलींशेजारी उभा राहतो. धाकटी हरवते तेव्हा बस पाठवतो. शेवटी मुली इस्पितळाच्या खिडकीत मक्याचं कणीस ठेवून येतात, बस्स. चित्रपटाच्या नावातला ‘शेजारी’ हा शब्द उगाच नाही. शेजारी दुखणं घालवू शकत नाही. पण रात्रीचा सोबत असतो.

हा चित्रपट जपानात ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ या चित्रपटाबरोबर जोडीने प्रदर्शित झाला होता. तो युद्धात उपाशी मरणाऱ्या भावाबहिणीचा. एका तिकिटात दोन्ही. योकाईंना घराघरात नेणारे शिगेरू मिझुकी यांचं पण तसंच. ‘गेगेगे नो कितारो’ हे त्यांचं पात्र, त्याची पहिली ॲनिमे मालिका १९६८ ची. कितारोचा बाप म्हणजे एक नुसता डोळा, तो वाटीत बसून आंघोळ करतो. मुलं खदखदून हसतात. हे काढणाऱ्या माणसाचा डावा हात दुसऱ्या महायुद्धात राबाउलच्या आघाडीवर गेला होता. सोबतचे सैनिक मेलेले त्याने पाहिले होते. तेव्हा हलकेपणा हा दुःख न पाहिलेल्या माणसाचा असतो, असं समजू नका. आपल्या जिल्ह्यात हे समजून घेणं जास्त गरजेचं आहे.

इथे कुणी म्हणेल, जपानी लोक मुळातच असे असतील. तर तसं नाही. हा प्रवास आहे आणि त्याच्या पायऱ्या दिसतात. तोरियामा सेकिएन या चित्रकाराने १७७६ साली योकाईंची चित्रमय सूचीच छापली. भूत पानावर आलं, त्याला नाव आणि चेहरा मिळाला, तेव्हा त्याची भीती थोडी उतरली. मग मेइजी काळात इनोउए एन्र्यो नावाचे तत्त्वज्ञ आले. १८८७ साली त्यांनी काढलेली संस्था म्हणजे आजचं तोयो विद्यापीठ. हा माणूस गावोगाव हिंडून भुताखेतांच्या गोष्टी गोळा करायचा. कशासाठी? त्या खोट्या आहेत हे दाखवायला. अंधश्रद्धा घालवायची होती त्याला. पण घालवण्यासाठी आधी त्याने जमवल्या, वर्गवारी केली, छापल्या. लोक त्याला भूतपंडित म्हणायला लागले. आणि १९१० साली यानागिता कुनिओ यांनी ईशान्येकडच्या तोनो गावच्या कथांचं पुस्तक केलं. तोनो म्हणजे थंडीचा, दुष्काळ भोगलेला मुलूख. तिथल्या घरात राहणाऱ्या बालभुताच्या कथेमागे दुष्काळात जगू न दिलेल्या बाळांची आठवण असावी, असं काही अभ्यासक मानतात. विवेकवादी माणसाने भीती झाडली, लोकसाहित्याच्या अभ्यासकाने कहाणी ऐकली आणि मिझुकींसारख्या कलावंताने खेळ केला. तिन्ही झालं तेव्हा तोतोरो शक्य झाला.

आपल्याकडे काय झालं? भीती झाडण्याची पायरी आपल्याकडे भक्कम आहे आणि ती आपल्याच वऱ्हाडातून निघाली. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांचं कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरं. समोरच्याला त्याच्याच बोलीत विचारायचे, शेंदूर फासलेल्या दगडाबद्दल, नवसाच्या बोकडाबद्दल. लोक उत्तर देता देता स्वतःवरच हसायचे. पुढे श्याम मानव यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती नागपुरातून उभी राहिली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ते काम महाराष्ट्रभर नेलं. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याचं जगणं मुश्कील करणं, हे त्या कायद्याने गुन्हे आहेत. या कामाला माझा पूर्ण पाठिंबा आहे आणि पुढे मी जे म्हणणार आहे ते या कामाच्या पाठीवर उभं राहूनच म्हणणार आहे.

दुसरी पायरी, ऐकण्याची, तीही आपल्याकडे आहे. दुर्गाबाई भागवत, रा. चिं. ढेरे यांनी आयुष्य घातलं त्यात. विदर्भात भाऊ मांडवकरांनी कोलामांवर पुस्तक लिहिलं. पण हे ऐकणं विद्यापीठाच्या कपाटात राहिलं. तिसरी पायरी, खेळण्याची, ती अर्धवट राहिली. कशी, ते पाहू.

आधी आपली भुतं कोण आहेत ते बघा. मुंजा म्हणजे मुंज झाल्यावर, लग्नाआधी मेलेला मुलगा. तो पिंपळावर राहतो. हडळ म्हणजे बाळंतपणात किंवा बाळंत होण्याआधी मेलेली बाई. आसरा पाण्याशी असतात. विहिरी-डोहात बुडून माणसं जायची, विशेषतः बायका, तिथे आसरांची जागा. चकवा म्हणजे रात्री रानात वाट चुकलेल्याची गोष्ट. ही यादी नीट वाचली तर ती भुतांची राहत नाही. कोण अकाली मेलं, कुणाचं काय राहून गेलं, याचं हे गावाचं दप्तर आहे. ज्या काळी बाळंतपणात मेलेल्या बाईची नोंद कुठे होत नव्हती, त्या काळी ती हडळ म्हणून नोंदली गेली. फक्त नोंदताना दोष तिच्यावरच टाकला. ती मेली हे आपलं अपयश, पण उलटे पाय तिचे.

नात्सुमे या हडळीला भेटला असता तर त्याने पहिल्यांदा काय विचारलं असतं? नाव. बाई, तुमचं नाव काय?

आता आपल्या हसऱ्या भुतांकडे वळू. रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ हे बालनाट्य तुम्ही पाहिलं असेल, निदान ऐकलं असेल. त्यातली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली आणि अलीकडे वैभव मांगले यांनी. पुरुष नट चेटकीण करतो, मुलं तिला घाबरत घाबरत ओरडून उत्तरं देतात. मराठी मुलांच्या पिढ्यांनी भीती हसून पचवली ती अशा प्रयोगांत. मला हे नाटक आवडतं. तरी एक गोष्ट टोचते. चेटकीण हा शब्द रंगमंचावर गंमत आहे आणि गावकुसाबाहेर तो एखाद्या जिवंत बाईवर फेकलेला दगड आहे. एकट्या राहणाऱ्या, जमीन नावावर असलेल्या, नवरा गेलेल्या बाईवर. नाटक त्या दुसऱ्या चेटकिणीबद्दल काही सांगत नाही. बालनाट्याने सगळं सांगावं असं नाही. पण सगळी मराठी करमणूक मिळूनही तिच्याबद्दल फार कमी बोलते, हे मात्र खटकतं.

‘एक डाव भुताचा’ हा १९८२ चा चित्रपट. लेखन द. मा. मिरासदारांचं. शिवकाळातल्या मावळ्याचं भूत अशोक सराफ आणि साधासुधा शिक्षक दिलीप प्रभावळकर. हे भूत इतरांना दिसत नाही, फक्त मास्तरला दिसतं. म्हणजे नात्सुमेची गोष्टच की! आणि ती जपानी मालिकेच्या पंचवीस-सव्वीस वर्षं आधीची. हे भूत मास्तरला झपाटत नाही, त्याची सोबत करतं. माझ्या मते मराठी पडद्यावर भूत शेजारी म्हणून आलेली ही सगळ्यात चांगली जागा. मिरासदार ग्रामीण विनोदाचे लेखक. गावात भूत जन्माला कसं येतं, अफवा फुगते कशी, हे त्यांनी आपल्या कथांतूनही दाखवलं आहे. अफवेला हसायचं, पण भूत समोर आलं तर त्याला बस म्हणायचं, हा तोल त्यांना साधला होता.

ही वाट पुढे चालू राहिली नाही. १९९३ चा ‘झपाटलेला’ आला आणि महाराष्ट्र वेडा झाला. तात्या विंचू अजूनही पोरांना पाठ आहे. रामदास पाध्यांचा बाहुला, लक्ष्मीकांत बेर्डे, महेश कोठारे. करमणूक म्हणून तो पक्का आहे. पण तात्या विंचू हे आपल्या मातीतलं भूत नव्हे. बाहुल्यात शिरलेला गुंड आहे तो, आणि ती कल्पना अमेरिकन चित्रपटातून आलेली. त्याला कहाणी नाही, त्याला फक्त शरीर पाहिजे.

आणि मग २०२४ चा ‘मुंज्या’. आदित्य सरपोतदार यांनी केलेला हिंदी चित्रपट, कोकणातली पार्श्वभूमी. तो देशभर चालला. आपल्या पिंपळावरचं भूत दिल्ली-लखनौच्या पडद्यावर गेलं याचा आनंद मलाही झाला. सुरुवात तर फार चांगली आहे. १९५० च्या दशकातला एक पोरगा, त्याचा हट्ट, अघोरी विधी, त्यातच त्याचं मरण. म्हणजे कहाणी आहे. पण त्यानंतर चित्रपट मुंज्याला लग्नाचा हट्ट धरणारा एक संगणकी राक्षस करून टाकतो. तो पोरगा होता हे आपण विसरतो, चित्रपटही विसरतो. शेवटी त्याला हरवायचं एवढंच उरतं. नात्सुमे मालिकेत शेवट नाव परत देण्यात होतो, इथे संहारात होतो. पोराला ज्या वडीलधाऱ्या जगाने मारलं, त्या जगाला एकही प्रश्न नाही. मुंज, लग्न, वाडा, पूजा, सगळं जागच्या जागी. माझी तक्रार भीतीबद्दल नाही, हसण्याबद्दलही नाही. हसता हसता कहाणी हातातून निसटली, याबद्दल आहे.

आता एक आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो घेतलाच पाहिजे. कुणी कार्यकर्ता उठून म्हणेल, साहेब, एवढ्या कष्टाने भुतं घालवली आणि तुम्ही ती गोड करून परत आणताय. मुलांना योकाई आवडायला लागले तर उद्या ती भगताकडेही जातील. या आक्षेपात दम आहे. म्हणून मी गोष्ट तपासायला तीन साधे प्रश्न वापरतो. पहिला, या गोष्टीत भुतापर्यंत जायला मध्ये कुणी पैसे घेणारा लागतो का? दुसरा, गोष्ट संपल्यावर ऐकणाऱ्याची भीती वाढते की कमी होते? तिसरा, दोष कुणावर जातो. मेलेल्यावर, एखाद्या जिवंत बाईवर, की ज्यांच्यामुळे ते मरण आलं त्यांच्यावर? त्सुयुकामीची गोष्ट तिन्ही प्रश्नांत उतरते. मध्ये कुणी नाही, भीती नाही आणि दोष कुणा दुबळ्यावर नाही. आपली बरीचशी भुताटकी पहिल्याच प्रश्नाला अडकते.

तरी जपानी मालिकांची भाबडी आरती मला करायची नाही. नात्सुमेत पुनरावृत्ती आहे. दहा भाग पाहिले की अकराव्यात कधी डोळे पाणावणार ते आधीच कळतं. त्यातलं खेडं फार देखणं आहे. हिरवी शेतं, वाहते ओढे, प्रेमळ म्हातारे. तिथला शेतकरी कर्जात आहे का, तरुण गाव सोडून का गेले, हे चित्रात येत नाही. घुमटी ओस का पडली याचं उत्तर ‘लोक यायचे थांबले’ एवढंच. लोक का थांबले, ही खरी गोष्ट. मिझुकींच्या साकाइमिनातो गावात रस्त्याकडेला योकाईंचे ब्राँझचे पुतळे आहेत, पर्यटक फोटो काढतात. त्यात वाईट काही नाही. पण भूत बाजारात उभं राहिलं की ते बोलायचं थांबतं, हाही धोका आहे.

मग आपल्या यवतमाळचं काय? आपल्याकडे कच्चा माल कमी नाही. गावाच्या शिवेवर मातामाय आहे, दोनचार दगड, शेंदूर, लिंबाची सावली. त्सुयुकामीच्या घुमटीपेक्षा हिची अवस्था फार वेगळी नाही. पोळ्याला झडत्या म्हणतात, त्यात सरकारपासून सावकारापर्यंत कुणाला सोडत नाहीत. शेजारी नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. रोगराईला, पीडेला गावाबाहेर नेऊन जाळायचं, आणि सोबत बडग्या, ज्याच्यावर त्या वर्षीच्या भ्रष्टाचाराची, महागाईची पाटी. अदृश्य संकटाला चेहरा द्यायचा, त्याची टर उडवायची आणि वाजतगाजत घालवायचं. ही आपली ॲनिमेच आहे म्हणा ना, वर्षातून एकदा रस्त्यावर होणारी. फक्त त्यात भीतीही नाही आणि भगतही नाही.

तोतोरोतली काजळीची पिल्लं वणीच्या कोळसा पट्ट्यात आली तर बिचारी गोंधळून जातील, कुठल्या घरात राहायचं म्हणून. हसा तुम्ही, पण गोष्ट तिथे सुरू होते. काळी धूळ घरात येते, पोर खोकतं, आणि त्या धुळीतलं एक पिल्लू त्या पोराशी बोलायला लागतं. कुठून आलास विचारलं तर ते खाणीचं नाव सांगेल. हलकी गोष्ट आहे, पण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आपसूक येतं.

यात दोन पथ्यं पाळावी लागतील. एक, कोलामांच्या गोष्टी. मारेगाव, झरी, केळापूर, घाटंजीकडच्या पोडांवर कोलाम राहतात. जंगलातल्या त्यांच्या देवांशी त्यांचं नातं त्यांचं आहे. बाहेरच्या माणसाने जाऊन ते उचलायचं आणि गमतीदार पात्र करून विकायचं, तर नात्सुमेच्या आजीने केलं तेच आपण करू, म्हणजे दुसऱ्याचं नाव आपल्या वहीत कोंडून ठेवू. त्या गोष्टी कोलाम पोरापोरींनी, वाटल्यास, सांगाव्यात. त्यांच्या हातात कॅमेरा आणि रंग असावेत एवढं आपण बघू शकतो.

दुसरं पथ्य घरातल्या मरणाचं. २०१९ च्या जानेवारीत याच यवतमाळात ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष अरुणा ढेरे, म्हणजे लोकसंस्कृतीच्या अभ्यासात वाढलेल्या कवयित्री. उद्घाटक म्हणून वैशाली येडे आल्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी, याच जिल्ह्यातली. त्या वेळी वाद झाले, ते तुम्हाला माहीत आहेत, मी त्यात जात नाही. मला त्यातलं एकच पाहायचं आहे. नवरा गेलेल्या बाईला शुभकार्यात पुढे येऊ द्यायचं नाही, तिचा पायगुण वाईट, ही आपल्याकडची भुताटकी आहे. ही मेलेल्याला नाही, जिवंत बाईला भूत ठरवते. त्या बाईने मराठी साहित्याच्या सगळ्यात मोठ्या समारंभाचं उद्घाटन केलं. पिंपळावरचं भूत गेलं की नाही माहीत नाही, पण त्या दिवशी हे एक भूत तरी मांडवाबाहेर राहिलं.

म्हणून म्हणतो, हा विषय कापूस आणि कर्जापासून दूरचा नाही. ज्या गावात मरणं जास्त, तिथे भीती जास्त. भीती जास्त, तिथे तिचे दुकानदार जास्त. कायदा दुकानदाराला पकडेल. भीतीला मात्र कायदा पकडू शकत नाही. तिच्यासाठी गाडगेबाबांचं हसणं लागतं आणि नात्सुमेचं ऐकणं लागतं, दोन्ही एकत्र.

इथे शिक्षक बरेच बसले आहेत, ॲनिमेशन शिकणारी पोरंपोरी पण दिसतायत. तुम्हाला एक काम सुचवतो. सुट्टीत गावी गेलात की आजीला, आत्याला, शेतावरच्या मामाला एकेक भुताची गोष्ट विचारा. गोष्ट ऐकून झाली की एक प्रश्न जादा विचारा: ते भूत आधी कोण होतं? कधी नाव निघेल, कधी घर निघेल, कधी एखाद्या विहिरीवरचा जुना अपघात निघेल. जिवंत माणसांची नावं, घराण्यांची बदनामी यात येऊ देऊ नका, तेवढं जपा. मग त्यावर चित्र काढा, दोन मिनिटांची फीत करा, नाटुकलं करा. विनोदी करा, जरूर करा. पण तीन प्रश्नांवर घासून बघा. वऱ्हाडीत करा. शिनचॅन हिंदीत बोलला तरी चालतो, मातामाय मात्र आपल्याच बोलीत बोलली पाहिजे.

वेळ झाला आहे. प्रश्न असतील तर खाली चहाजवळ बोलू. ज्यांना भूत दिसलंय त्यांनी आधी यावं, मला ऐकायचंय.